खोडलेलं नाव

पालघरला कचेरीबाहेर ताडपत्रीखाली एक टायपिस्ट मृत्युपत्रं टाईप करतो. नाव मी विचारलं नाही, पण रुबाब न्यायाधीशाचा. ऐकताना चष्मा कपाळावर, नकार देताना नाकावर.

सालवडला राहणारा माझा थोरला मुलगा चिकूच्या फवारणीवरून मला उलट बोलला, म्हणून जुन्या मृत्युपत्रातलं त्याचं नाव मी घरीच खोडलं. सगळी वाडी धाकट्याला. तो कागद बघताच टायपिस्टाचा चष्मा खाली आला.

"बाबा, ही काय शाळेची पाटी हाय? अशी खाडाखोड चालत नाय. नवीन करू. पण तुमची सही बघायला दोन साक्षीदार लागतात. धाकटा चालणार नाय, वाडी त्यालाच मिळणार. दुसरे दोघे आणा."

"भावकीशी मी बोलत नाय. शेजाऱ्यावर बांधाची केस हाय."

"वाडी द्यायला माणूस हाय, सहीला नाय? मग तुमच्या एका फोनवर धावत येईल असा कोण हाय?"

मोठा शहाणा! मी कागद हिसकावला आणि एसटीत बसलो. बोईसर येईपर्यंत डोकं खाजवून एकच नाव सुचलं. तेच मी बॉलपेनाने दोनदा खोडलं होतं.