बारा नंबरच्या खोलीची खिरापत

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. पण त्या वर्षी घट बसले तेव्हा मी समोर हात जोडून नुसती बसून होते. मागायचं काय, तेच सुचत नव्हतं. माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती एका मुलीच्या जिवावर बेतेल, या भीतीने मला धड जेवण जात नव्हतं.

मी पुण्यात, पेठेतल्या एका मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. मूळची बुलढाण्याकडच्या लहान गावची. वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मीच. शिकायला इथे आले तेव्हा नशिबाने आमच्याच भागातली मुलगी खोलीत मिळाली. तिच्या तोंडून आपली बोली ऐकली नसती तर मी आठवड्यात परत गेले असते. म्हणून अधीक्षिका झाल्यावर मी एक रीत पाडली. एका भागातल्या मुली एका खोलीत. या रीतीचा मला अभिमान होता, हेही कबूल करते.

त्या वर्षी प्रवेश लांबले. गणपती उठल्यावर दोन मुली आल्या, दोघी ईशान्येकडच्या एकाच राज्यातल्या. त्यांची खरी नावं लिहीत नाही. एकीला मीरा म्हणते, दुसरीला रूथ. मी अर्जावर राज्याचं नाव वाचलं आणि खाली काही वाचलंच नाही. दोघींना बारा नंबर दिला, वर कौतुकाने म्हणाले, "आता कसं, घरच्यासारखं वाटेल." दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या. मला वाटलं, लाजताहेत.

चार दिवसांनी कळलं. त्यांच्या राज्यात दोन समाजांमध्ये युद्धच झालं होतं. मीरा खोऱ्यातली, रूथ डोंगरातली. रूथच्या समाजाच्या लोकांनी मीराचं घर जाळलं होतं. मीराच्या समाजाच्या लोकांनी रूथच्या भावाला मारलं होतं. गोळीबार थांबला होता, पण मधली हद्द ओलांडून कोणी इकडचं तिकडे जात नव्हतं. आणि त्या दोघींच्या खाटा मी हातभर अंतरावर लावल्या होत्या.

दुसरी खोली रिकामी नव्हती. अदलाबदल करू म्हटलं, तर दोघींनी वेगवेगळं येऊन एकच सांगितलं, "एकदा घर सोडलंय मॅडम, आता खोली सोडणार नाही." मीरा बूट घालूनच झोपायची. रूथ भिंतीला पाठ लावून बसून राहायची. मग एक दिवस आमच्या स्वयंपाकघरातल्या शेवंतामावशी ऑफिसात आल्या. त्या खास पेठेतल्या, बोलणं सुरीसारखं.

"बाई, भाजीची सुरी हरवलेली नाही बरं का. बारा नंबरात उशीखाली निजलीये."

"कुणाच्या?"

"त्या डोंगरातलीच्या. तुम्हीच लावलंत ना दोघींना शेजारी? छान केलंत. फार मोठं पुण्य लागेल."

मी जाऊन सुरी काढून घेतली. पोलिसांना सांगावं, तर कोवळ्या मुलीचं आयुष्य जाईल. विश्वस्तांना सांगावं, तर दोघींना घालवून देतील, आणि परत जायला घर कुठे होतं? मी कुणालाच सांगितलं नाही. दिवसातून दहा वेळा बारा नंबरच्या दारावरून जायची आणि आतून आवाज येत नाही म्हणून घाबरायची. आवाज आला तरी घाबरायची.

नवरात्रात आमच्याकडे भोंडला असतो. पाटावर हत्तीचं चित्र काढून मुली त्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. कुणीतरी ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. रोज एका खोलीची पाळी. पाचव्या दिवशी बारा नंबर होता. मी ती पाळी गाळायची ठरवली होती, पण फळ्यावरून पुसायची राहून गेली.

त्या सकाळी रूथ खोलीत नव्हती. फोन बंद. मीरा खाटेवर पांढरीफटक बसलेली. "मी काही नाही केलं," एवढंच म्हणाली. मावशींनी स्वयंपाकघरातून हाक मारली, सुरी पुन्हा जागेवर नाही. आदल्या दिवशी रूथने स्वारगेटला कसं जायचं ते कुणालातरी विचारलं होतं, एवढाच धागा. मी रिक्षा केली.

स्टँडवर तासभर कंडक्टरांना, हमालांना फोनमधला तिचा फोटो दाखवत फिरले. कुणी मान हलवली, कुणी फोटोकडे बघून हसलं. शेवटी एका बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. मनात म्हटलं, आई, मला वाटलं मी शिकले म्हणजे मला माणसं कळतात. मला काही कळत नाही. आता ही पोर तुझी. एवढं म्हणून मी खरोखर रिकामी झाले. दुसरं मागायला काही उरलंच नव्हतं.

"ताई, बघू तो फोटू," शेजारून कोणीतरी म्हणालं. हिरवं लुगडं नेसलेली, म्हातारी म्हणावी अशी बाई. पायाशी केळीच्या पानांचा भारा. "ही व्हय? ही तर मगाशी माझ्याकडनं पानं घेऊन गेली. कवळी बघून घेतली. मी इचारलं, पूजा हाय का गं? तर म्हणली, आज आमची बारी हाय, खिरापत करायचीय. तुम्ही रडताय कशापायी? ती घरलाच गेली की."

मी उठून तिचे पाय धरले. ती संकोचली, "अवो, काय करताय," म्हणत भारा उचलून खडकवासल्याच्या बसकडे गेली. पुढे मी दोनतीनदा स्वारगेटला तिला शोधायला गेले. भेटली नाही. ती कोण होती, याचा मी खल करत नाही. पानं विकणारी बाई होती, आणि ती माझ्या बाकावर येऊन बसली.

परत आले तर रूथ स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सकाळी पानांसाठीच बरोबर नेलेल्या त्या सुरीने पानं कापत होती. फोनचं चार्जिंग संपलं होतं. मावशी शेजारी उभ्या. "वाफवायला माझंच पातेलं घेतलंय. विचारलंय का? छे!" पण गॅस त्यांनीच बारीक केला.

संध्याकाळी फेर झाला. दोघी समोरासमोरच्या बाजूंना होत्या. मग डबा आला आणि मुलींनी गलका केला. गोड का तिखट? गोड. लाडू? वडी? शिरा? पानगी? रूथ प्रत्येक वेळी मान हलवत होती. वीस-पंचवीस नावं झाली, मुली हरल्या. तेवढ्यात मीराने वास घेतला. तिचा चेहरा बदललेला मला दिसला. हळू आवाजात तिने आपल्या भाषेतलं एक नाव सांगितलं.

रूथने तिच्याकडे पाहिलं. मग तिने झाकण उघडलं. चिकट तांदूळ, गूळ आणि काळे तीळ, केळीच्या पानात वाफवलेले. तिने पहिलं पान मीरापुढे धरलं.

मीराने हात पुढे केला नाही. "आधी तू खा," ती हिंदीत म्हणाली.

भीती काय असते, ते मला त्या क्षणी कळलं. मी सुरीला भीत होते, तिला घासात विष असेल अशी भीती होती. असली भीती त्यांच्याकडे रोजचीच होती, ताटापर्यंत आलेली. रूथला राग आला नाही. तिने घास मोडला, अर्धा स्वतः खाल्ला, उरलेला तसाच पुढे धरला. मीराने तो घेतला. चावता चावता ती रडू लागली.

त्याच वेळी रूथच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. रूथने घाईत उचलला आणि मागे उभी असलेली मीरा त्या बाईला दिसली. मीराने बाजूला व्हायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. खोलीत खोऱ्यातली मुलगी आहे, हे रूथने घरी सांगितलेलंच होतं. मुलगा गेलेली आई ती. मीरा दोन्ही हात जोडून तशीच उभी राहिली. मी मनात देवीचं नाव घेत होते. मग ती बाई काहीतरी बोलली, दोनच शब्द. मीराने मान खाली घालून उत्तर दिलं.

मी नंतर रूथला विचारलं, आई काय म्हणाली.

"तिला तिच्याच भाषेत विचारलं, जेवलीस का."

त्यांचं सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही. अजूनही कधी दोघी दिवसदिवस बोलत नाहीत. तिकडची हद्द आहे तिथेच आहे. पण मीरा आता बूट काढून झोपते. मी मात्र एक शिकले. माणसं जोडायचा हट्ट माझा होता, जोडणारी दुसरीच कोणी आहे. मी आपली घटाला पाणी घालते, दिवा तेवत ठेवते आणि उरलेलं तिच्यावर सोडते. सोडल्यावरही दिवसातून एकदा बारा नंबरच्या दारावरून जातेच. ती तेही चालवून घेते.