ठिपके पळाले, पण बघायला कोणी नव्हतं

दिवाळीला देवपूरचं आमचं होस्टेल रिकामं झालं आणि प्रोजेक्टपायी मी एकटाच मागे राहिलो. लिस्प या संगणकाच्या भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम पडद्यावरच्या चौकोनी घरांत ठिपके जगवायचा न् मारायचा. दोनापेक्षा कमी शेजारी असले, की ठिपका पुढच्या फेरीत खलास! पण एका फेरीत माझा चहा पिऊन व्हायचा. सरांनी बजावलं होतं, "असा रांगणारा प्रोग्राम मी घेणार नाही."

चूक माझीच होती. मी प्रत्येक रिकामं घरही तपासत बसलो होतो. सावद्याला आमचे आबा केळीचे घड मोजताना पडलेल्या झाडाच्या खड्ड्यापाशी थोडेच थांबतात? मग मीपण फक्त जिवंत ठिपक्यांची यादी ठेवली, आणि त्यांच्या आजूबाजूपुरतंच बघितलं. ठिपके पळायलाच लागले.

दाखवायला मागे वळलो, तर लॅबमध्ये नुसत्या खुर्च्या. शेवटी सरांच्या आवाजात मीच ओरडलो, "शाब्बास, गाढवा!"

सरच आले असं वाटून बाहेरून लॅबचे शिपाई नाना बिडी विझवत धावत आले. "सर उनात का रे?"

"नाही नाना, मीच."

शिव्या घालत ते शेजारी बसले. तेवढ्यात पडद्यावरचा शेवटचा ठिपका गेला.

"बठ्ठा मरी ग्यात?" नाना म्हणाले. "परत लाव. मी देखस."