तिसऱ्या रविवारी मी 'तसंच समजा' म्हणालो

ऐका, पण आधीच सांगून ठेवतो: हसायचं तर मला हसा, त्या टेकडीवरच्या मारुतीला नको. त्याचा यात काडीचा दोष नाही. सगळी करामत माझ्या तोंडातून निघालेल्या दोन शब्दांची.

माझी रेवा तेव्हा पाच वर्षांची. तिची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दीड वर्षात पोरीचे पाय जमिनीला फारसे लागले नव्हते. घरात कडेवर, रस्त्यात खांद्यावर, बालवाडीत थेट वर्गाच्या बाकापर्यंत माझ्या हातांवर. शेवटी तिच्या बाई म्हणाल्या, "सर, तिला दारापर्यंत तरी चालू द्या. पाय चांगले आहेत तिचे."

मला लागलं ते. पण खरंच होतं. मग ठरवलं, पोरीला एक टेकडी चढवायची. तिच्या पायांनी, मी हात न लावता.

आता मास्तर माणूस. सरळ उठून टेकडीवर गेला तर मास्तर कसला? चिखलदऱ्याला दऱ्या, म्हणून बाद. एका ठिकाणी माकडं, बाद. एका टेकडीवर झाडाला मधाचं पोळं, बाद. असं करत करत मोर्शीच्या रस्त्यावर एका गावाबाहेर एक गुणी टेकडी सापडली. बुटकी, गोल, वर लहानसं मारुतीचं देऊळ. लागोपाठ तीन रविवार मी एकटा जाऊन ती चढलो. पावलं मोजली, विसावा घ्यायच्या जागा ठरवल्या आणि वहीत शेरा मारला: 'सोपी'.

तिसऱ्या रविवारी देवळाच्या पायरीवर देवराव काका भेटले. रोज वर चढून दिवा लावणारे हेच. मी मास्तर, हे त्यांनी पहिल्याच रविवारी विचारून घेतलं होतं.

"काहून मास्तर, तिसऱ्यांदा येऊन राह्यले. काही काम?"

"पोरीला आणायचंय."

"किती लेकरं?"

"एकच."

"पह्यल्यांदाच आनता?"

"हो."

"म्हंजे नवस हाये!"

इथं सरळ 'नाही' म्हणायचं होतं ना? पण गुडघे दुखत असताना रोज टेकडी चढणाऱ्या म्हाताऱ्याला कसं सांगणार, की शहरातली माणसं काही काम नसताना टेकड्या चढतात? मी म्हणालो, "तसंच समजा."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "लय दिवसांनी, मास्तर. कधी येता?"

"येत्या रविवारी."

रविवारी आम्ही दोघं एसटीतून उतरलो. रेवाच्या पायात लाल बूट, गळ्यात पाण्याची बाटली. माझ्या पिशवीत चिवडा आणि चार खाऱ्या. पाहतो तर टेकडीवर धूर, पायथ्याशी डफडं वाजतंय आणि पन्नासेक माणसं गोळा झालेली.

मी एकाला विचारलं, "काय कार्यक्रम आहे?"

"एका मास्तराचा नवस फिटून राह्यला. रोडगे हायेत वर, जेवून जा."

"अरे वा! कोण मास्तर?"

हो, विचारलं मी. खरंच विचारलं! तेवढ्यात देवराव काका ओरडले, "आले, आले! मास्तर आले!"

मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, जरा घोटाळा झालाय…"

"घोटाळा कायचा? दोन साल झाले, कापूस गेला, तूर गेली. गावात एकाचाबी नवस फिटला नाई. लोक म्हनत, मारुती बहिरा झाला. अन् तुमचं आयकलं त्यानं! घरोघरून कनीक गोळा केली मास्तर, एकानं नाई म्हनलं नाई!"

आता सांगा, काय बोलायचं? गावाच्या मारुतीला नुकतं ऐकू यायला लागलं होतं. त्याला पुन्हा बहिरा मी करू?

मी विचारलं, "भाजी कशाची आहे?"

"वांग्याची. चपला काढा."

"अं?"

"नवस बोलनाऱ्याले अनवानी जा लागते."

"आणि पोरीला?"

"लेकराले काय नेम? तिचे बूट राहू द्या."

मी चपला काढल्या. तेवढ्यात एक उंच गडी पुढे झाला आणि रेवाला उचलायला वाकला. "चाल बाई, खांद्यावर बस."

"नाही!" मी असा ओरडलो की डफडं थांबलं. "ती आपल्या पायानंच चढणार!"

"नवसच तसा हाये का?"

"तसाच आहे!"

झालं. पन्नास माणसं अदबीनं दोन पावलं मागे सरली. पुढे लाल बुटांची रेवा, मागे डफडं, त्यामागे गाव. रेवा मुंग्यांची रांग पाहायला बसली की गाव उभं. रेवा पाणी प्यायली की डफडं गप्प. पालखीलाही एवढा मान मिळत नसेल.

आणि मी? मुरूम तळव्यात रुतत होता, वाळलेली कुसळं बोटांच्या बेचक्यांत शिरत होती. एका बोराटीनं तर माझी टाच धरली ती सोडेना. बूट घालून 'सोपी' लिहिणारा तो शहाणा मला भेटायला हवा होता!

निम्म्यावर रेवा धडपडली. गुडघा खरचटला. मी झेपावलो, तर देवराव काकांच्या बायकोनं, कौसाबाईनं, माझी बाहीच पकडली.

"थांबा. नवस मोडते."

रेवानं मागे वळून पाहिलं. कोणी येत नाही म्हटल्यावर थोडा वेळ बसून राहिली. मग उठली, फ्रॉक झटकला आणि चालायला लागली. दीड वर्षात मी तिला पडून उठताना पाहिलं नव्हतं. मी पडूच दिलं नव्हतं ना.

वर पोचल्यावर तिनं एकटीनं घंटा वाजवली. तिचा हात पुरेना, तर उडी मारून वाजवली. सगळं गाव ओरडलं. मी खांबाला टेकून एक पाय वर धरून उभा होतो, बगळ्यासारखा.

कौसाबाईनं विचारलं, "पोरीची माय नाई आली?"

"नाही. दीड वर्ष झालं."

गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा पहिला रोडगा तिनं फोडला, त्यावर वरण ओतलं आणि पोरीला नाही, मला दिला. "अगुदर तुमी खा." मी मान खाली घालून खाल्ला. धूर फार होता तिथं.

उतरताना माझे पाय संपले. शेवटचा उतार मी बसून, घसरत पार केला. रेवा पुढे उभी राहून "इकडून या, इकडून" असं सांगत होती.

एसटीत चढताना मी चपला हातात घेऊन लंगडत होतो. कंडक्टर म्हणाला, "काय झालं सर, पायाले?"

मी तोंड उघडायच्या आत रेवानं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बाबांचा पहिलाच डोंगर होता ना! मी नेलं त्यांना. मध्ये मध्ये खाली बसले, पण रडले नाहीत."