कडूबानं गिळलेलं वाक्य

कडूबाचा आवाज असा की जळगाव जामोदच्या बाजारात या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचा बैल मान वळवायचा. बेचाळीस साली खेड्यातल्या सभेला कुठला आलाय लाऊडस्पीकर! वक्ता पुढं बोलायचा, अन् कडूबा गर्दीच्या मधोमध बैलगाडीवर उभा राहून त्याचं एकेक वाक्य मागच्यांपर्यंत पोचवायचा. मागच्यांना वक्ता म्हणजे कडूबाच!

त्याच कडूबानं पुढं अठरा वर्षं बैलालाही मोठ्यानं हाकारलं नाही. शेतात वारा सुटला की त्याला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, 'चला कचेरीवर!' बायको म्हणायची, झपाटलंय याला. झपाटलंच होतं की, दुसरं काय!

कारण बेचाळीसच्या त्या शेवटच्या सभेत वक्ता 'चला' म्हणालाच नव्हता. उलट लोकांना आवरत होता. पण मागची गर्दी तापलेली, सगळे डोळे कडूबाकडं. त्या मेल्याला अशी धुंदी चढली की वक्त्याचं वाक्य गिळून त्यानं आपलंच ठोकून दिलं. लोंढा उसळला, वक्त्यानंच शेवटी हुकूम दिला असं समजून पुढचेही त्यात ओढले गेले. कचेरीपुढं गोळी सुटली अन् मागच्या गर्दीतला, गावचाच रामराव ठार झाला. वक्ता तुरुंगात वारला. ते वाक्य त्याचंच म्हणून गावात राहिलं.

महाराष्ट्र झाल्यावरच्या पहिल्या पंधरा ऑगस्टला गावानं रामरावाच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं. त्याची बायको तानुबाई स्वतः कडूबाच्या दारी आली. "भाऊ, ते वाक्य मले तुमच्याच तोंडून आयकाचं हाये. येवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर हे गेले, म्हणून तं मी तगली."

आता त्या बाईला कडूबा नाही कसं म्हणणार?

सभेत तो माईकपुढं उभा राहिला अन् एकदाचं ओकून टाकलं. "ते वाक्य त्यायचं नव्हतं. माह्यं होतं. रामराव माह्या शब्दावर गेला."

मग टाळ्यांचा कडकडाट! "वा कडूबा, काय बोलला!" अहो, लोकांना तेही भाषणच वाटलं! सरपंचांनी तर हारच घातला. कडूबा जीव तोडून ओरडला, "भाषण नाही हे, बापहो! खरं सांगून राह्यलो!" जितका ओरडला, तितक्या टाळ्या वाढल्या.

तानुबाईनं टाळी वाजवली नाही. लेकीचा, बेबीचा, हात धरून ती त्याच्यापाशी आली.

"मंग त्यायनं काय म्हटलं होतं?"

कडूबानं माईकपासून तोंड फिरवलं. "ज्याच्या घरी तान्हं लेकरू हाये, त्यानं मांगं फिरावं, असं म्हटलं होतं त्यायनं."

"बेबी तवा चार महिन्यांची होती, भाऊ," तानुबाई म्हणाली. "ते फिरले असते."