खिडकीजवळचा खिळा

सिंधूकाकू माप घ्यायच्या तेव्हा आकडा मोठ्याने बोलायच्या. बाकीच्या बायकांचा आकडा त्या बाईच्या तोंडावरच सांगायच्या आणि वर एखादा टोमणाही हाणायच्या. "कंबर कुठं ठेवून आली व, घरी?" माझं माप घेताना मात्र टेप माझ्या अंगाभोवती असायचा आणि मान खिडकीकडे वळलेली असायची. आकडा त्या खिडकीला सांगायच्या आणि विचारायच्या, "ऐकलं का व?" खिडकीत कोणी नसायचं. तिच्याशेजारी भिंतीत एक खिळा होता आणि त्याला खाकी कागद लटकत असायचे. लहानपणी मला वाटायचं, काकू कागदांशी बोलतात. थोडी मोठी झाल्यावर कळलं की तसं नाही, आणि कळल्यावर तर जास्तच भीती वाटायला लागली.

रायपूरला तात्यापाऱ्यात आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. काकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या, लग्न करून इकडे आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. काका रेल्वेत होते. घर तसं लहानच, पण गल्लीकडची पुढची खोली काकूंनी शिवणासाठी ठेवली होती आणि तिथे काकांचंही काही चालायचं नाही. पाहुणे आले तर मागच्या दाराने आत घ्यायचे, पण शिवणखोलीत कोणाला बसू द्यायचं नाही. "सुई कोनाची वयख ठेवत नाही," म्हणायच्या, आणि वयख म्हणजे ओळख, हे आमच्यासारख्या शाळेतलं मराठी बोलणाऱ्या पोरींना पुन्हा समजावून सांगायच्या.

हल्ली माझी मुलगी मोबाईलवर शिवणखोली कशी लावावी याचे व्हिडिओ बघते. काचेसारखे डबे काय, डब्यांवर चिठ्ठ्या काय! मी म्हणते, अगं बाई, तू सिंधूकाकूंची खोली बघायला हवी होतीस. बिस्किटांच्या डब्यात बटणं, जामच्या बाटल्यांत हूक, मशीनच्या उजव्या हाताला दोन कैच्या. एक कागदाची, एक कापडाची, आणि चुकून कापडाच्या कैचीने कागद कापलात तर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार झालाच म्हणून समजा. पण खरी गंमत चिंध्यांची होती. शहरातल्या पंडरीच्या बाजारातून आणलेलं कापड शिवून उरलेला प्रत्येक तुकडा त्या ठेवायच्या, तोही रंगाप्रमाणे नाही, घराप्रमाणे. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, प्रत्येक घराची एक पिशवी. माझ्या बाबांचा सदरा एकदा सायकलीच्या सीटला अडकून टर्रकन फाटला, तेव्हा काकूंनी आमच्या पिशवीतून त्याच ताग्याचा तुकडा काढला आणि असं ठिगळ लावलं की बाबांना स्वतःला ते सापडेना. "चिंधी फेकू नये व," त्या म्हणाल्या, "कपडा फाटला का त्याले आपलंच मानूस लागते."

आणि फर्मे. फर्मा म्हणजे मापाप्रमाणे कापलेला कागदाचा साचा. तो कापडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि कापायचं. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे फर्मे भिंतभर खिळ्यांवर टांगलेले असत. पंखा लावला की सगळा पारा एकदम सळसळायचा. भर दुपारीसुद्धा मला त्या खोलीत एकटीने थांबायचा धीर व्हायचा नाही. बिनडोक्याची, बिनपायांची माणसं भिंतीवर हलताहेत आणि त्यातली काही तर मेलेली! कारण माणूस गेलं तरी काकू त्याचा फर्मा काढायच्या नाहीत. "राहू दे. जागा खाते का तो?"

खिडकीजवळचा खिळा रंजूचा. रंजू ही काकूंची मुलगी, एकुलती एक. ती आणि मी एकाच आषाढातल्या, मी तिच्याहून थोड्या दिवसांनी धाकटी. रंजू चार वर्षांची असताना तापाने गेली. मला ती आठवत नाही. आठवतो तो फक्त तिचा फ्रॉक, पिवळा, आणि तोही कदाचित आईने सांगितलेला असेल.

रंजू गेल्यावर काकूंनी मशीनवर चादर टाकली ती काढलीच नाही. जेवण नाही, अंघोळ नाही, नुसत्या भिंतीला टेकून बसायच्या. काका दारात उभे राहून आईला म्हणायचे, "तुमीच काही करा." दिवाळी तोंडावर आली तेव्हा आईने कटपीसचं कापड घेतलं, मला कडेवर उचललं आणि समोरच्या घरात शिरली. "सिंधूबाई, पोट्टीले दिवाळीचा फ्रॉक नाही. शिवून द्या." काकू कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या म्हणे. मग उठल्या. टेप घेतलाच नाही. रंजूचा फर्मा खिळ्यावरून काढून माझ्या छातीला लावला. तंतोतंत बसला. त्या दिवशी काकू आधी रडल्या, मग जेवल्या आणि मग मशीनवर बसल्या. आईला वाटलं, आपण केवढं पुण्य केलं.

दिवाळीला मी तो फ्रॉक घातला आणि दुसऱ्या दिवशी तापाने फणफणले. आईचं धाबं दणाणलं. मेलेल्या पोरीच्या मापाचा कपडा आपणच हौसेने आपल्या पोरीच्या अंगावर चढवला! डॉक्टरांनी औषध दिलं, मी चार दिवसांत खेळायलाही लागले, पण आईच्या मनात बसलं ते बसलंच. पाऱ्यातल्या एका म्हातारीने तोड सांगितली. काकूंकडून आलेल्या कपड्याला आईने आपल्या हाताने, आतल्या बाजूने, काळ्या धाग्याचा एक टाका घालायचा. म्हणजे कपडा दुसरीचा असला तरी पोर कोणाची ते ठरून जातं. काकूंना नाही म्हणणं आईच्याने शक्य नव्हतं. नाही म्हटलं तर ती बाई पुन्हा भिंतीला टेकली असती. त्यामुळे दर दिवाळीला मी समोर माप द्यायला जायची आणि कपडा घरी आला की आई काळा धागा ओवायची. टाका घातल्याशिवाय तो माझ्या डोक्यातून खाली उतरू द्यायची नाही. मी ओरडायची, "आई, गल्लीत सगळ्यांनी नवे कपडे घातले!" ती दाताने धागा तोडत म्हणायची, "चूप बस. तुले काय समजते."

मी वाढत गेले तशी काकू दर वर्षी नवा फर्मा कापत आणि त्याच खिळ्यावर जुन्याच्या पुढे टांगत. माझा वेगळा खिळा नव्हताच. कधी काकू आत चहा टाकायला गेल्या की मी ते कागद एकेक करून उचलून बघायची. बाराची मी, दहाची मी, सातची मी, आणि सगळ्यात मागे, कडा पिवळ्या पडलेला एक एवढासा कागद. तो माझा नव्हता. त्याला हात लावायला मी धजायची नाही.

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. काकूंची शिलाई म्हणजे काय सांगावं, आतून पाहा की बाहेरून, तीच सफाई. पण माझ्या प्रत्येक कपड्याची खालची दुमड दोन बोटं उघडी राहिलेली असायची. बाकी कोणाच्या कपड्यात तसं नसायचं. मी एकदा म्हटलंही, "काकू, इथे विसरलात." त्यांनी मानही वर केली नाही. "राहू दे. तुह्या मायले सुई धरता येते न?" मला वाटलं, आईला शिवता येत नाही म्हणून टोमणा आहे. आईला सांगितलं तर तिने तोंड फिरवलं आणि उगीचच भांडी आपटली.

फ्रॉक गेले, शाळेचा स्कर्ट आला, सलवार-कुर्ते आले. लग्न ठरलं तेव्हा आईने ठरवलं की लग्नाचं ब्लाउज नागपूरला मामाकडे शिवायचं. मी हट्टाला पेटले. काकूंच्या हाताशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशीही काकूंनी टेप लावला. त्यांनी आकडा सांगितला, खिडकीकडे बघितलं, आणि "ऐकलं का व?" च्या पुढे हळूच म्हणाल्या, "लगन हाय."  मुहूर्ताच्या आधी अर्धी वऱ्हाडी मंडळी दारात उभी असताना आई एका कोपऱ्यात बसून माझ्या ब्लाउजला काळा टाका घालत होती. तिचे डोळे भरले होते आणि सुईत धागा जाता जात नव्हता.

सासर रायपुरातच मिळालं, त्यामुळे माप काही सुटलं नाही. बाळंतपणानंतर मी चांगलीच सुटले. काकूंनी टेप ताणून धरला आणि खिडकीला बातमी दिली, "पोट सुटलं हो बाई!" मी चिडले. म्हटलं, "काकू, पोट माझं सुटलंय, तिला कशाला सांगता?" काकू हसल्या. "तिचंही सुटलंच असतं व. माह्याच घरची होती." दोघी हसलो.  पंखा चालू होता आणि कागदांनी जाड झालेला तो खिळा एकसारखा सळसळत होता.

मी चाळिशीत असताना आई गेली. तेरावं झाल्यावर काकू दुखवट्याची साडी घेऊन आल्या, ब्लाउज शिवूनच आणलं होतं. काका तोवर गेलेले, काकूही वाकलेल्या. त्या निघून गेल्यावर मी ब्लाउज उलटं केलं. इतक्या वर्षांची सवय, बोट आपोआप खालच्या दुमडीवर गेलं. दुमड पूर्ण शिवलेली होती. जिथे दोन बोटं उघडी असायची तिथे, आतल्या बाजूने, काळ्या धाग्याचा एक टाका होता.

मी तशीच उठले आणि समोर गेले.

"काकू, हा टाका कोणी घातला?"

"मीच. काहून?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुही माय समोरच्या दारात बसून सुई ओवे. मले काय दिसत नव्हतं? म्हनून तर दोन बोटं उघडी सोडत होती मी. नाही तर तिनं शिवलेलं उसवलं असतं अन् माह्या शिलाईची वाट लावली असती."

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला न! लय आला. पहिल्या साली तर वाटलं, आता तुले दारातच उभी करू नाही." काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. "मंग वाटलं, बरोबर हाय तिचं. मी त्या खिडकीत पाहून दरसाल तुले थोडी थोडी तिकडं नेऊनच तर राहिली होती. कोनीतरी धरून ठेवाले पायजे होतं. आता तुही माय नाही. कोन घालन टाका? मीच घातला."

 आईचं काकूंना पटलं होतं हे आईला कधीच कळलं नाही, याचं इतकं वाईट वाटलं की मी काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून आईसाठी पुन्हा पहिल्यापासून रडले. काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मध्येच म्हणाल्या, "हव, हव. रड बाई. पन ब्लाउजले नाक नको पुसू."

त्यानंतर त्यांनी माझं माप घेतलं नाही. डोळ्यांचं निमित्त सांगितलं. शेवटच्या आजारात मी रोज जायची. एके दिवशी त्यांनी मला तो खिळा रिकामा करायला लावला. सगळे कागद पलंगावर मांडले. त्यांनी चाचपत चाचपत सगळ्यात मागचा एवढासा फर्मा वेगळा काढला आणि पदराखाली घेतला.

"हे सारे तुहे. हा तेवढा माहा." मग म्हणाल्या, "लय थकवलं पोरीले मी. दरसाल मोठी केली. आता नाही करत. तू एकटीच म्हातारी हो व."

काकू गेल्या तेव्हा तो कागद मी त्यांच्या हातात दिला आणि वरून पदर नीट सारखा केला. 

त्यांची मशीन आता माझ्याकडे आहे, ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी. एक खोली मी शिवणाची केली आहे. मुलीने हौसेने काचेसारखे डबे आणून दिले, तेही मांडले. "मम्मी, ये पुराने पेपर फेंक दूँ?" असं तिने विचारलं तेव्हा मी तिच्यावर खेकसले. माझे फर्मे टांगायला मी खिडकीजवळच खिळा ठोकला. दुसरी भिंत मोकळी होती, तरी.

गेल्या दिवाळीला नातीचा फ्रॉक शिवायला घेतला. ती नुकतीच चार वर्षांची झाली. तिच्या छातीभोवती टेप धरला, आकडा मोठ्याने बोलले, आणि माझी मान वळली. मी वळवली नाही, ती वळली. "ऐकलं का व?" हे शब्द तोंडातून गेलेसुद्धा. खिळ्यावरचे कागद हलले. पंखा बंद होता. खिडकी उघडी होती, वारा असेल.

"किससे बात कर रही हो, मम्मी?" मुलगी दारातून म्हणाली.

मी टेप गुंडाळून ठेवला. फ्रॉक शिवला, पण खालची दुमड दोन बोटं उघडी ठेवली. मग काळा धागा ओवून सुई मुलीच्या हातात दिली आणि कुठे टाका घालायचा ते दाखवलं.

"आप ही कर दो ना. मुझसे टेढ़ा होगा."

"वाकडा होऊ दे," मी म्हटलं. "पोर तुझी आहे. तूच घाल."

ती कुरकुरत खाली बसली. तिचा टाका पूर्ण होईपर्यंत मी नातीचा हात घट्ट धरून उभी राहिले, खिडकीकडे पाठ करून.