दोनदा दाबायचं बटण

वायरताईंना खरं नाव विचारलं तर त्यांनाच क्षणभर आठवावं लागलं असतं. कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या सामानखोलीत त्यांनी बावीस वर्षं काढली होती. कॅमेरे, माइक, ट्रायपॉड द्यायचे, परत घ्यायचे, वहीत सही घ्यायची. वायर वेडीवाकडी गुंडाळून आणली तर त्या कोणाचीही गय करायच्या नाहीत. एकदा विभागप्रमुखांनाही त्यांनी वायर सोडून पुन्हा गुंडाळायला लावली, आणि तो भला माणूस निमूटपणे स्टुलावर बसला. उगाच त्यांच्या तोंडी कोण लागणार?

दर उन्हाळ्यात कॉलेजची मुलं घरी जायची आणि सहा आठवड्यांसाठी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतली मुलं यायची. कॉलेजात जाण्याआधी कॅमेरा, आवाज, एडिटिंग, थोडंफार कंप्युटरचं काम हाताखालून जावं, म्हणून हा कोर्स. बाकी सगळ्यांना ही पोरं म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. वायरताई वर्षभर त्यांचीच वाट बघायच्या. अर्थात कळू द्यायच्या नाहीत. वरवर अशा काही करवादायच्या की पहिला आठवडाभर पोरं खिडकीशी यायलाच टरकायची. पण या खिडकीतून सामान घेऊन गेलेलं पोर कधी रिकाम्या हातानं परत आलं नाही, हा त्यांचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

त्याचं कारण एक लाल कागदाची पट्टी. तिथल्या आवाजाच्या रेकॉर्डरची खोड अशी, की बटण एकदा दाबलं तर दिवा नुसता लुकलुकतो. यंत्र तयार होतं, हेडफोनमध्ये सगळं छान ऐकूही येतं, पण भरलं काहीच जात नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो, तेव्हा खरं काम सुरू. म्हणून प्रत्येक रेकॉर्डरवर ताईंच्या अक्षरात पट्टी असायची : ‘दोनदा दाबा’. यंदा माहितीपत्रकासाठी फोटो काढायचे होते. पट्ट्या गबाळ्या दिसतात, असं प्रमुखांचं म्हणणं पडलं. ताईंनी पुटपुटत सगळ्या काढल्या, नंतर लावू म्हणाल्या, आणि राहून गेलं.

यंदाच्या पोरांत एक मुलगी होती, तिला ताई कुजबुज म्हणायच्या. बोलायची इतकं हळू की आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा जागचा हलायचा नाही. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आई लहानपणीच गेलेली, घरात वडील आणि आत्या. आत्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. शाळा संपली की कुजबुजनंही तिच्या हाताखाली शिकावं, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. वडिलांनी तिला एवढीच मोकळीक दिली होती : कोर्सच्या शेवटच्या शुक्रवारी सगळ्यांच्या फिल्म दाखवतील तेव्हा तुझी बघतो, मग काय ते ठरवू. पोरीनं फिल्म वडिलांवरच करायची ठरवली. हा माणूस घरात दिवसाला दहा वाक्यं बोलायचा. तीन आठवडे मागे लागल्यावर तो मुलाखतीला कबूल झाला, तेही एकदाच, पुन्हा म्हणून नाही.

बुधवारी सकाळी कुजबुज खिडकीशी येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. काल रात्री वडील चाळीस मिनिटं बोलले होते, आईबद्दलसुद्धा. कॅमेऱ्यात त्यांचे ओठ हलताना दिसत होते. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक, वर्गात शिकवलं होतं त्याप्रमाणे, बंद. आणि रेकॉर्डरमध्ये त्यातला एक शब्द नव्हता.

ताईंनी रेकॉर्डर हातात घेतला. पट्टी नव्हती. पोरीला रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत हे वाक्य त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

मग त्यांनी यंत्र उघडून पाहिलं, तर आत अकरा मिनिटांची एक फाईल होती. आता हे कसं झालं, तर मुलाखत संपल्यावर बंद करायला म्हणून पोरीनं बटण दाबलं. ते दुसऱ्यांदा दाबणं झालं. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला, तिला वाटलं बंद झालं. यंत्र टेबलावर ठेवून ती मुलाखतीसाठी मागून आणलेला टेबललॅम्प वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांना परत करायला गेली, तिथं काकूंनी बोलत बसवलं. ती परत येऊन यंत्राचा मुख्य स्विच बंद करेपर्यंत घरात जे झालं ते सगळं भरलं गेलं होतं.

ताईंनी एक हेडफोन तिला दिला, एक स्वतः लावला. आधी भांड्यांचा आवाज. मग आत्यानं विचारलं, कशी झाली मुलाखत. बराच वेळ नळ वाहत होता. मग वडील म्हणाले :

“माणूस लिफ्टमध्ये अडकला ना, की मी आधी दाराशी बसून त्याच्याशी बोलतो. हत्यारं नंतर. पोरगी आज माझ्याशी तशी बोलत होती. अजिबात घाई नाही. तिला जमतंय गं हे. मला त्याचीच भीती वाटते. जमलं म्हणजे ती जाणार.”

कुजबुज ढसाढसा रडली. ताईंनी नाक पुसायला कॅमेऱ्याच्या काचा पुसायचं नवंकोरं फडकं दिलं, यावरून काय ते समजा. रडून झाल्यावर पोरगी म्हणाली की हेच फिल्ममध्ये घालते, मुलाखतीपेक्षा हेच भारी आहे. होतंच. पण ताईंनी मान हलवली. बाबा हे तुझ्याशी बोललेले नाहीत, म्हणाल्या. आधी त्यांना ऐकव. ते नको म्हणाले तर शुक्रवारी तुझी फिल्म नाही, आणि मी सगळ्यांसमोर सांगेन की ती माझ्यामुळे राहिली.

वडील दुपारच्या सुट्टीत आले, कामाच्या कपड्यांत, खिशात टेस्टर. ताईंनी आधी पट्टीचं सगळं सांगून टाकलं. वडिलांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, लिफ्टचं बटण एकदा दाबायचं तर लोक दहादा दाबतात, तुमचं उलटंच आहे. मग स्टुलावर बसून हेडफोन लावला. अकरा मिनिटं त्यांनी मान वर केली नाही. कुजबुज दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ताईंनी एकच वायर तीनदा गुंडाळली.

हेडफोन काढून वडिलांनी विचारलं, हे किती लोक ऐकणार. साठ-सत्तर, ताई म्हणाल्या.

त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली. मग लेकीला म्हणाले, “राहू दे ते फिल्ममध्ये. खरंच आहे. आत्याचाही आवाज आहे त्यात, तिला मी सांगतो.” आणि समोरचं दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं. “बस. कालचं सगळं पुन्हा विचार. आईचंही.”

त्यांना दोन वाजता कुठल्याशा इमारतीत पोचायचं होतं. ताईंनी खिडकी लावून घेतली आणि बाहेर ‘बंद’ची पाटी अडकवली. बावीस वर्षांत भरदिवसा ही पाटी कोणी पाहिली नव्हती. ड्रॉवरमधून लाल कागद काढून त्यांनी पट्टी कापली, लिहिली, चिकटवली आणि रेकॉर्डर पोरीच्या हातात दिला.

कुजबुजनं बटण दाबलं. दिवा लुकलुकायला लागला. वडिलांनी हळूच दोन बोटं वर केली.

तिनं पुन्हा दाबलं.