लेकीचा वानोळा

मुखेडच्या आठवडी बाजारात वैजनाथआप्पांची वांगी ओळखायला सोपी. दहातल्या चारांना भोक असतं. गिऱ्हाईक वांगं उचलतं, फिरवून बघतं, परत ठेवतं आणि पुढच्या दुकानाकडे सरकतं. आप्पा हाक मारत नाहीत. पूर्वी मारायचे, आणि त्या हाकेनं अर्धा बाजार वळून बघायचा.

पूर्वी त्यांची वांगी तेल लावल्यासारखी चकचकीत असत. त्यासाठी दर आठ दिवसांनी फवारणीचा पंप पाठीवर चढायचा. सोडायचे ते फक्त विहिरीच्या कडेचे दोन तास. त्या दोन ओळी घरच्या. त्यांच्यावर औषधाचा थेंब पडायचा नाही, आणि अळीनं खाऊन उरेल ते तारामतीबाईंच्या कढईत जायचं. यात आप्पांना काही गैर वाटत नव्हतं. वाटावं तरी का? भाजी पिकवणारं गावात एक घर दाखवा, ज्याच्या रानात असे घरचे दोन तास नव्हते. कुणी याला पाप म्हटलं असतं तर सगळा गाव हसला असता.

उज्वला त्यांची एकुलती एक लेक, लातूरला दिलेली. सासू निवृत्त शिक्षिका, घर टापटिपीचं, बोलणं मोजून मापून. आप्पा महिन्यातून एकदा एसटीनं जायचे, आणि लेकीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून शेतातला वानोळा न्यायचे. कधी वांगी, कधी मेथी, कधी शेंगा. पहिल्याच खेपेला पिशवी भरताना ते अडले. घरच्या तासांतली वांगी किडकी, वेडीवाकडी. ती व्याह्यांच्या ओट्यावर ओतायची? विहीणबाईंनी वांगं चिरावं आणि आतून अळी वळवळत निघावी? लेकीनं तिथं मान वर कशी करायची? आप्पांनी पिशवी रिकामी केली आणि फवारलेल्या रानातलं एकेक वांगं पंच्यानं पुसून भरलं. तारामतीबाई म्हणाल्या, लेकीला तरी घरचं न्या. आप्पा म्हणाले, या पिशवीतनं तिथं आपली इज्जत जाती, ती चांगलीच दिसायला पाहिजे. विहीणबाईंचा धाक बाईंनाही होताच; त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं.

असा तो वानोळा सहा वर्षं गेला.

मधल्या काळात उज्वलाच्या इमारतीखाली सेंद्रिय भाजीचं दुकान निघालं. भाव दुप्पट. एवढे पैसे घालून खरंच काही साधतं का, यावर शेजारणी जिन्यात तासतासभर वाद घालायच्या. उज्वला हसायची आणि म्हणायची, मला कशाला पाहिजे दुकान, माझ्या बापाचं रान हाय. सासूबाईसुद्धा चार जणींत कौतुकानं सांगायच्या की आमच्याकडे बिनऔषधाची भाजी येते. फोनवर हे ऐकून आप्पा नुसतं हाव, हाव म्हणायचे आणि पावसापाण्याचं विचारायचे. खरं सांगायचं त्यांच्या मनात दरवेळी यायचं. दरवेळी वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू.

मग उज्वलाला रक्ताचा कॅन्सर निघाला. वय तेहतीस. आप्पांनी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, फवारलेल्या भाजीनं झालं का? डॉक्टर भला माणूस. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, कशानं झालं हे कुणालाच सांगता यायचं नाही, मनाला लावून घेऊ नका. तो हो म्हणाला असता तर आप्पा रडून मोकळे झाले असते, नाही म्हणाला असता तर निदान पोटभर जेवले असते. आता दोन्ही गेलं.

गावी येऊन त्यांनी पंप गोठ्याच्या आढ्याला टांगला. पुढच्या खेपेला पिशवीत विहिरीच्या कडेची वांगी भरली.

त्या दिवशी उज्वलाला जरा बरं होतं. डोक्याला रुमाल बांधून ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, आज आप्पांसाठी भाजी मीच करणार म्हणून. सासूबाई देवळात गेल्या होत्या. तिनं पहिलं वांगं चिरलं, अळी निघाली. दुसरं चिरलं, त्यातही अळी. तिसऱ्याला तिचा हात थांबला. असलीच वांगी खाऊन ती लहानाची मोठी झाली होती, तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"आप्पा, ही घरच्या तासातली हायेत."

"हाव."

"अन् आजवर आनली ती?"

आप्पांनी अडखळत सगळं सांगितलं. व्याह्यांची लाज, विहीणबाई, अळी. बोलता बोलता ते कारण त्यांचं त्यांनाच इतकं फालतू वाटलं की शेवटचं वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

उज्वला बराच वेळ वांग्याचा किडका भाग कोरून काढत राहिली. मग हळूच म्हणाली, "घरच्यास्नी घरच्या तासातलं. मग मी कोन हुते, आप्पा?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. भाजी केली, त्यांना वाढली, शेजारी बसून स्वतः दोन घास खाल्ले. ते निघाले तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "सासूबाईला सांगू नका. लई कौतुक करत्यात तुमचं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली. विहीणबाईंना अजून काही माहीत नाही. भेटल्या की त्या आप्पांच्या भाजीचं नाव काढून डोळे पुसतात, आणि आप्पांना तिथं बसवत नाही.

आता सगळं रानच घरचं झालं आहे. अळी मजेत आहे.

परवा बाजारात शाळेतल्या एक बाई थांबल्या. फवारा मारलेला नाही असं ऐकून खूश झाल्या. नांदेडला असली भाजी केवढी महाग मिळते ते सांगून त्यांनी सहज विचारलं, एवढे पैसे मोजून खरंच काही फरक पडतो का हो, काका?

आप्पांनी तराजू खाली ठेवला.

"ते मला ठावं न्हाई, बाई. डॉक्टरलाबी ठावं न्हाई. मी लेकीला घरचं दिलं न्हाई, येवढंच मला ठावं हाय."

बाई खाली बसल्या आणि वांगी पिशवीत भरू लागल्या, किडकी बाजूला न काढता.